पाळी, मेंदू आणि फिट : प्रयोगशाळेतल्या उंदरांनी काय शिकवले

फिट येणाऱ्या अनेक मुली आणि बाया एक गोष्ट स्वतःहून सांगतात. "पाळीच्या आधी दोन-तीन दिवस आकडी हमखास येते. बाकी महिना बरा जातो." हे ऐकून घरात कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी विटाळाशी संबंध जोडतो, कोणी देवऋषाचा पत्ता देतो. दवाखान्यात मात्र ही गोष्ट निघतच नाही. बाई लाजते, सोबत आलेला माणूस तिच्या आधी बोलतो, आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरही विचारायचे राहून जातात.

त्या बाईचे निरीक्षण खरे असू शकते. फिट येणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण एक तृतीयांश जणींमध्ये फिट्स आणि पाळीचे चक्र यांचा असा मेळ दिसतो, असे या विषयाच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. असे का होते, हे शास्त्रज्ञांनी पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत पायरी-पायरीने तपासले. ते समजून घेतले की दोन गोष्टी होतात. बाधेची भीती जाते, आणि डॉक्टरांना नेमके काय सांगायचे ते कळते.

फिट म्हणजे काय?

आपल्या मेंदूत अब्जावधी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना विजेच्या बारीक लहरींनी आणि रसायनांनी निरोप देतात. ग्लुटामेट नावाचे रसायन पेशीला "चल, पेट घे" म्हणते. गाबा नावाचे रसायन "थांब, शांत हो" म्हणते. या दोघांचा तोल असतो तोवर काम सुरळीत चालते. पेटवणारे जास्त झाले किंवा शांत करणारे कमी पडले, की पुष्कळ पेशी एकाच वेळी भडकतात. त्यालाच फिट, आकडी, फेफरे किंवा मिरगी म्हणतात. अशा फिट्स पुन्हा पुन्हा येत राहिल्या की त्या आजाराला वैद्यकात अपस्मार हे नाव आहे.

म्हणून प्रश्न असा : पाळीच्या चक्रात शरीरात असे काय बदलते, की हा तोल ढळावा?

लंडन, १८५७ : औषध बरोबर, कारण चूक

पाळी आणि फिट यांचा संबंध डॉक्टरांच्या लक्षात फार पूर्वी आला होता. १८५७ साली लंडनच्या एका वैद्यकीय सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी सांगितले, की पाळीच्या सुमारास येणाऱ्या फिट्सवर त्यांनी पोटॅशियम ब्रोमाइड वापरले आणि गुण आला. लोकॉक हे राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणाचे डॉक्टर. फिट्सवर खरोखर चालणारे पहिले औषध म्हणून ब्रोमाइडचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आहे.

पण लोकॉक यांचे कारण चुकीचे होते. असल्या फिट्सचे मूळ बाईच्या गर्भाशयात आणि तिच्या कामवासनेत आहे, असा त्या काळचा समज. ब्रोमाइड वासना कमी करते म्हणून दिले गेले. प्रत्यक्षात ते मेंदूच्या पेशी शांत करत होते. शिकलेले डॉक्टरही बाईच्या आजारात तिच्या चारित्र्याचा दोष शोधत होते, हे ध्यानात ठेवावे. हा समज प्रयोगानेच मोडायचा होता.

उंदरांवर फिटचा अभ्यास कसा करतात?

माणसाच्या मेंदूत सुई घालून असले प्रयोग करता येत नाहीत. म्हणून प्राण्यांवर मर्यादित आणि नियमांच्या देखरेखीखाली प्रयोग होतात. त्याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. एकात किती कमी विजेच्या धक्क्याने फिट येते ते मोजतात. दुसऱ्यात मेट्राझोल हे औषध टोचतात, जे गाबाचे काम अडवते. तिसऱ्यात समुद्री शेवाळातून मिळणारे कायनिक आम्ल किंवा एका दक्षिण अमेरिकन झुडपातून मिळणारे पायलोकार्पिन वापरतात. चौथ्यात मेंदूच्या एका भागाला रोज अगदी सौम्य वीज देतात. सुरुवातीला काही होत नाही, पण दिवसेंदिवस मेंदू त्याला सरावतो आणि शेवटी त्याच सौम्य विजेने पूर्ण फिट येते.

मादी उंदराचे चक्र चार-पाच दिवसांचे असते. बाईचे साधारण अठ्ठावीस दिवसांचे. उंदराला आपल्यासारखी पाळी येत नाही, पण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके तिच्यातही चढतात-उतरतात. रोज योनीतल्या पेशींचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की ती चक्राच्या कोणत्या दिवशी आहे ते कळते. महिनाभराची गोष्ट आठवड्याच्या आत पाहायला मिळते.

एक पेटवणारे, एक शांत करणारे

पहिला धागा कॅनडात मिळाला. माँट्रियल येथे काम करणारे हान्स सेल्ये यांनी १९४१-४२ च्या सुमारास उंदरांना प्रोजेस्टेरॉन मोठ्या मात्रेत दिले. उंदीर गुंगीत गेले. एवढेच नव्हे, तर अशा गुंगी आणणाऱ्या संप्रेरकांनी मेट्राझोलच्या फिटला आळा बसतो, हेही त्यांनी दाखवले. गर्भाशयाशी जोडलेले संप्रेरक थेट मेंदूवर काम करत होते.

१९५९ साली अमेरिकेत लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी अपस्मार असलेल्या १६ स्त्रियांना शिरेतून इस्ट्रोजेन दिले. त्यांपैकी ११ जणींच्या मेंदूच्या आलेखात फिटसारख्या लहरी वाढल्या. १९६२ साली कॅलिफोर्नियात डोरोथी वूली आणि पाओला टिमिरास या दोन संशोधक स्त्रियांनी मादी उंदरांच्या फिटचा उंबरठा मोजला. त्यांना दिसले, की तो चक्राबरोबर वर-खाली होतो. इस्ट्रोजेन वाढले की कमी विजेतही फिट येते. प्रोजेस्टेरॉन दिले की जास्त वीज लागते.

हे का होते, ते पुढे हळूहळू उलगडले. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. स्मरणशक्तीचे काम तिथे चालते आणि पुष्कळांच्या फिट्स तिथूनच सुरू होतात. १९९० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॅथरीन वूली, ब्रूस मॅकइवन आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की मादी उंदराच्या या भागातल्या पेशींवर निरोप घेणारे जे बारीक काटे असतात, त्यांची दाटी इस्ट्रोजेन वाढले की वाढते आणि एका दिवसात सुमारे ३० टक्क्यांनी कमीही होते. काटे जास्त म्हणजे पेटवणारे निरोप जास्त. चार-पाच दिवसांच्या चक्रात मेंदूची जोडणीच बदलते, यावर आधी कोणी विश्वास ठेवला नसता.

प्रोजेस्टेरॉनचे गुपित १९८६ साली उघडले. शरीर प्रोजेस्टेरॉनपासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ बनवते. हे नाव लांब आहे. आपण त्याला "शांत करणारा पदार्थ" म्हणू. तो गाबाच्या कुलपात किल्लीसारखा बसतो आणि गाबाचा "थांब" हा हुकूम अधिक जोरदार करतो. फेनोबार्बिटोन हे फिटचे जुने औषधही जवळजवळ याच जागी काम करते. म्हणजे बाईचे शरीर फिटवरचे स्वतःचे औषध स्वतःच तयार करत असते.

एक खुलासा. यावरून इस्ट्रोजेन वाईट आणि प्रोजेस्टेरॉन चांगले, असे समजू नये. दीर्घ फिटनंतर मेंदूच्या पेशी मरतात. काही प्रयोगांत थोड्या मात्रेतल्या इस्ट्रोजेनने त्या पेशी वाचवल्याचे दिसले. मात्रा किती, किती दिवस आणि मेंदूच्या कोणत्या भागात, यावर परिणाम ठरतो.

खरी अडचण उतरणीची

मग पाळीच्या आधीच फिट का वाढते? कारण त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते. त्याबरोबर तो शांत करणारा पदार्थही उतरतो.

रोज दारू पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की त्याला फिट येऊ शकते, हे आपल्या वस्तीत अनेकांनी पाहिले आहे. इथे तसेच काहीसे घडते. पंधरा दिवस मेंदूला शांत करणाऱ्या पदार्थाची सवय झालेली असते. तो अचानक गेला की मेंदू उघडा पडतो. १९९८ साली शेरिल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवले, की प्रोजेस्टेरॉन तुटल्यावर गाबाच्या कुलपाचा एक भागच बदलतो आणि फिटची शक्यता वाढते. बदललेल्या कुलपावर डायझेपामसारख्या नेहमीच्या शांत करणाऱ्या औषधांचा जोरही कमी पडतो.

अमेरिकेतले रेड्डी आणि रोगावस्की यांनी तर पाळीआधीच्या फिटचा नमुनाच उंदरांत तयार केला. मादी उंदरांच्या शरीरात गर्भारपणासारखी स्थिती आणून प्रोजेस्टेरॉन वाढवले, आणि मग एका औषधाने शांत करणारा पदार्थ बनणे अचानक बंद केले. दुसऱ्या दिवशी त्या उंदरांना फिट लवकर येऊ लागली. लक्षात घ्या, फिट वाढवायला बाहेरून काही आत शिरावे लागले नाही. आतले एक रसायन उतरले, एवढे पुरे झाले.

बाळंतपणानंतरही प्रोजेस्टेरॉन असेच एकदम उतरते, आणि त्यात बाळासाठी रात्रीची जागरणे होतात. म्हणून फिट असलेल्या बाळंतिणीला झोप मिळेल असे घरच्यांनी पाहावे. तिची गोळी चुकू देऊ नये.

नर आणि मादी : फरक जन्मापासूनचा

पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनची गोष्ट दुहेरी आहे. शरीरात त्याचे काही प्रमाणात इस्ट्रोजेन होते, जे पेटवू शकते. काही प्रमाणात दुसरा एक पदार्थ होतो, जो शांत करतो. पायलोकार्पिनच्या काही प्रयोगांत नर उंदरांना मादीपेक्षा जास्त फिट्स आल्या, आणि वृषण काढलेल्या नरांत त्या कमी झाल्या. दुसऱ्या औषधाने किंवा उंदरांच्या दुसऱ्या जातीत केलेल्या प्रयोगात चित्र बदलते. म्हणून "पुरुषांना जास्त" किंवा "बायकांना जास्त" असे एका वाक्यात सांगता येत नाही.

फरक पाळी सुरू होण्याच्याही आधीचा आहे. अगदी लहान पिल्लांच्या मेंदूत गाबा अजून शांत करत नाही, उलट पेशीला थोडे चेतवते. वाढीच्या एका टप्प्यावर ते काम पालटते. न्यूयॉर्कच्या अ‍ॅरिस्टी गॅलानोपूलू आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की फिट आवरणाऱ्या मेंदूच्या एका भागात हा पालट मादी पिल्लांत नर पिल्लांच्या आधी होतो. पंधरा दिवसांच्या आसपास बहिणीचा मेंदू गाबाने शांत होतो, भावाचा अजून नाही.

मोजणीत बाई कुठे होती?

हे सगळे एवढे महत्त्वाचे असूनही मेंदूच्या संशोधनात मादी उंदीर फार काळ वगळले गेले. कारण असे दिले जायचे, की त्यांच्या चक्रामुळे आकडे वर-खाली होतात आणि हिशोब बिघडतो. २०११ साली बीरी आणि झुकर यांनी छापून आलेले शोधनिबंध मोजले. मेंदूविज्ञानात फक्त नरांवर केलेले प्रयोग फक्त मादींवरच्या प्रयोगांच्या साडेपाच पट होते. पुढे २०१४ साली अशाच एका मोजणीत दिसले, की मादी उंदरांचे आकडे नरांपेक्षा जास्त वर-खाली होतच नाहीत. समज मोडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून नियम लागू केला, की संशोधनाला पैसा हवा असेल तर नर-मादी दोन्हींचा विचार करा, नाहीतर कारण द्या.

ज्यांची मोजणी होत नाही, त्यांचे दुखणे कागदावर येत नाही, आणि त्यावर औषधही शोधले जात नाही. ही गोष्ट आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगायला नको.

उंदीर म्हणजे बाई नव्हे

उंदरात जे दिसले ते बाईत जसेच्या तसे चालेल असे नाही. ते माणसांत तपासावे लागते. अमेरिकेत अँड्र्यू हर्झोग यांच्या पुढाकाराने २९४ स्त्रियांवर नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांची चाचणी झाली. तिचा निकाल २०१२ साली आला. सगळ्या जणींचा मिळून हिशोब केला तेव्हा खोट्या गोळीपेक्षा फायदा दिसला नाही. पण ज्यांच्या फिट्स पाळीच्या आसपासच्या दिवसांत एरवीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त होत्या, त्यांना फायदा झाल्याचे दिसले.

दुसरीकडे, उंदरांवरच्या त्याच धाग्यातून गॅनॅक्सोलोन हे औषध निघाले. ते शरीरातल्या शांत करणाऱ्या पदार्थाचीच बनवलेली नक्कल आहे. २०२२ साली अमेरिकेत त्याला लहान मुलांच्या एका दुर्मीळ, आनुवंशिक फिटच्या आजारासाठी मान्यता मिळाली. हा आजार मुलींत जास्त आढळतो.

घरात काय करायचे : कॅलेंडरवर दोन खुणा

चाचणीचा निकाल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उपचार कोणाला लागू पडेल हे नोंदीवर ठरते, आणि नोंद करायला पैसे लागत नाहीत.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळी सुरू झाली त्या तारखेला "पा" लिहा. फिट आली त्या तारखेला "फ" लिहा. त्या दिवशी गोळी चुकली असेल, जागरण, ताप किंवा उपास असेल तर तेही बाजूला टिपा. असे किमान तीन महिने करा. आईने मुलीची नोंद ठेवावी, नवऱ्याने बायकोची ठेवली तरी चालेल. यात लाजण्यासारखे काही नाही.

मग हिशोब असा. पाळीच्या आधीचे तीन दिवस आणि पाळीचे पहिले तीन दिवस, हे सहा दिवस वेगळे काढा. समजा, अठ्ठावीस दिवसांत सहा फिट्स आल्या. त्यांतल्या तीन या सहा दिवसांत आणि तीन उरलेल्या बावीस दिवसांत. म्हणजे पाळीच्या आसपास दोन दिवसांना एक, आणि एरवी सात दिवसांना एक. हा तिपटीहून मोठा फरक झाला. काही जणींत असाच फरक चक्राच्या मधोमध, अंडे सुटण्याच्या सुमारास दिसतो. पाळी अनियमित असेल तर चक्राचा सगळा उत्तरार्धच वाईट जाऊ शकतो.

हे कॅलेंडर घेऊन सरकारी रुग्णालयात किंवा मेंदूविकाराच्या ओपीडीत जा. डॉक्टर त्या ठरावीक दिवसांपुरते क्लोबाझामसारखे जादा औषध देऊ शकतात, किंवा नेहमीच्या औषधाची मात्रा बदलू शकतात. हा निर्णय त्यांचाच.

गोळ्यांबद्दल पाच गोष्टी

१. फिटची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोळी एकदम तोडली की फिट जोराने उलटते.

२. हा लेख वाचून मेडिकलमधून संप्रेरकाच्या गोळ्या आणू नका. पाळी पुढे ढकलण्याची नॉरइथिस्टेरॉनची गोळी ही नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन नव्हे. तिच्यापासून तो शांत करणारा पदार्थ बनत नाही.

३. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन यांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो आणि नको असताना दिवस जाऊ शकतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळीमुळे लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाचा जोर कमी होतो. तांबीला ही अडचण नाही.

४. मुलगी किंवा सून व्हॅल्प्रोएट घेत असेल, तर दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणी हे औषध घेतलेल्या १०० मातांमागे सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळते. एरवी हे प्रमाण २ ते ३ असते. पुढे मुलाचे बोलणे-शिकणे मागे पडण्याचाही धोका आहे.

५. तरीही घाबरून गरोदरपणी औषध तोडू नका. फिट्स असलेल्या स्त्रियांच्या गरोदरपणाची नोंदवही केरळात श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून ठेवली जाते. योग्य औषध, फॉलिक अ‍ॅसिड आणि नियमित तपासणी असेल तर बहुतेक स्त्रियांना निरोगी मुले होतात.

लग्न आणि लपवाछपवी

मुलीच्या फिट्स लपवून लग्न लावले जाते. मग सासरी कळू नये म्हणून ती गोळी घेत नाही, आणि मांडवाची हळद उतरायच्या आत आकडी येते. यात जीव जाऊ शकतो. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. वारंवार येणाऱ्या अपस्माराचा त्यात पूर्वी लग्नाच्या अटींत उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने जो डाग पुसला तो आपण घरात जपून ठेवू नये. सोयरीक जुळवतानाच मोकळेपणाने सांगावे. समोरच्यांनीही मधुमेह ऐकावा तसे ते ऐकावे.

फिट आली तर

आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा. डोक्याखाली घडी केलेले कापड ठेवा. एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नका. चप्पल, कांदा हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. गरोदर बाईला फिट आली तर वाट न पाहता रुग्णालयात न्या.

महिला मंडळात चर्चेसाठी

१. पाळीच्या आधी फिट का वाढते, हे "उतरणी"च्या दाखल्याने शेजारणीला समजावून सांगा.
२. आपल्या वस्तीत फिटची गोळी मध्येच सोडलेल्या किती जणी आहेत? सोडण्याचे कारण काय : पैसा, भीती की लग्न?
३. त्यांच्यापैकी एकीला येत्या महिन्यात कॅलेंडरवर नोंद सुरू करून देण्याचे काम कोण घेईल?